३,००० मिमीचा तंबू, तरीही चादर ओली

मे संपत आला की भंडारदऱ्याला काजवे बघायला जाणाऱ्यांची आणि जून लागला की पवना धरणाच्या काठावर तंबू ठोकणाऱ्यांची लगबग सुरू होते. त्याच सुमारास मला ओळखीपाळखीतून फोन येऊ लागतात. प्रश्न ठरलेला: "दोन तंबू बघून ठेवलेत. एकावर २,००० मिमी लिहिलंय, दुसऱ्यावर ३,०००. दुसराच घेऊ ना?" मागे एकाने तर हिशोबच मांडला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिमीहून जास्त पाऊस पडतो, म्हणजे ३,०००चा तंबू तिथे अर्ध्या पावसाळ्यातच हात टेकणार.

हसू आलं, पण चूक त्याची नव्हती. पाऊस मिलिमीटरमध्ये मोजतात आणि तंबूचं कापडही मिलिमीटरमध्येच. ही दोन मापं एकमेकांची कुणी लागत नाहीत, हे मात्र तंबूच्या पिशवीवर कुणी छापत नाही.

मिमी नेमके कशाचे?

कापडाचा एक तुकडा घट्ट ताणून बसवायचा आणि त्यावर उभी नळी ठेवून तिच्यात पाणी भरत जायचं. पाण्याची उंची वाढेल तसा कापडावरचा दाब वाढतो. एका क्षणी कापडाच्या खालच्या बाजूला थेंब उगवायला लागतात. तीन ठिकाणी थेंब दिसले की थांबायचं आणि नळीतल्या पाण्याची उंची वाचायची. तो आकडा म्हणजे त्या कापडाचा जलस्तंभ. इंग्रजी माहितीपत्रकांत यालाच हायड्रोस्टॅटिक हेड म्हणतात. प्रयोगशाळेत आता नळीऐवजी यंत्राने दाब देतात, पण आकडा वाचायचा तो नळीतल्या उंचीसारखाच.

गच्चीवर पाण्याची टाकी असलेल्या इमारतीत राहणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको. तळमजल्यावर नळाला जोर असतो आणि सगळ्यात वरच्या मजल्यावर करंगळीएवढी धार येते. टाकीतलं पाणी तेच, फरक उंचीचा. ३,००० मिमी म्हणजे ३ मीटर, साधारण एका मजल्याएवढ्या उंचीच्या पाण्याचा दाब. तेवढा दाब कापड पेलतं, इतकंच तो आकडा सांगतो.

पावसाचे मिमी वेगळे. पडलेलं पाणी कुठेही वाहून न जाता सपाट जमिनीवर उभं राहिलं असतं तर किती उंच साचलं असतं, ते माप. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस नोंदला गेला. त्या पावसातही नीट ताणलेल्या तंबूच्या छतावर पाण्याचा थर साचला नसता. तिरक्या कापडावरून पाणी ओघळून जातं. कापड सैल पडून खळगा झाला आणि त्यात वीतभरापेक्षा कमी, म्हणजे १० सेंटीमीटर पाणी साचलं, तरी दाब होतो फक्त १०० मिमीचा. ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब पाण्याच्या भाषेत मोजला तर जेमतेम ५० मिमी भरतो.

मग १०० मिमीचं कापड का चालत नाही? कारण थेंब. पावसाचा टपोरा थेंब ताशी ३० किलोमीटरच्या आसपास वेगाने आदळतो. तो दाब थपडेसारखा, क्षणभराचाच, पण बराच मोठा असतो. शिवाय घड्या पडून, उन्हात तापून कापड दर वर्षी थोडं थोडं कमजोर होतं. म्हणून १,५०० मिमीच्या खालचं छत घेऊ नये. सह्याद्रीच्या पावसाला माझ्या मते २,००० ते ३,००० पुरतं. त्यापुढचे पैसे दुसरीकडे खर्च करावेत. कुठे, ते पुढे येतंय.

पावसापेक्षा गुडघा जड

तंबूत शिरताना माणूस गुडघ्यांवर रांगतो. ६० किलोच्या माणसाचं वजन दोन गुडघ्यांवर मिळून २०० चौरस सेंटीमीटरवर आलं असं धरू. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ३०० ग्रॅम. पाण्याच्या उंचीत सांगायचं तर ३ मीटर, अर्थात ३,००० मिमी! खालची जमीन भिजलेली असेल तर तळाच्या कापडातून तेवढ्या जोराने पाणी वर ढकललं जातं. कोपरावर रेलून पत्ते कुटायला बसलात तर दाब याहून जास्त.

म्हणजे ज्या छतावर दाब कमी त्याचा आकडा पिशवीवर ठळक छापलेला, आणि ज्या तळावर खरा दाब येतो त्याचा आकडा बारीक अक्षरात, किंवा छापलेलाच नाही. दुकानात पहिला प्रश्न तळाबद्दल विचारा. ३,०००च्या खाली नको, ५,००० मिळाला तर उत्तम. स्वस्त तंबूंना कधीकधी सरळ ताडपत्रीच्या जातीचं प्लॅस्टिक तळाला लावलेलं असतं. ते कुरकुरतं, घडी जाड होते, पण पाणी अडवण्यात ते काही वाईट नाही. नाक मुरडू नका.

तळाचं कापड कडेने वीतभर वर वळून मग भिंतीला जोडलेलं आहे ना, हेही बघा. परातीसारखं. जमिनीलगत शिवण असली की वाहतं पाणी तिथूनच आत येतं.

कापड पाणी अडवत नाही, लेप अडवतो

बहुतेक तंबूंचं कापड पॉलिस्टरचं असतं, हलक्या आणि महाग तंबूंचं नायलॉनचं. दोन्ही विणलेली कापडं आहेत, म्हणजे त्यांना भोकं आहेतच. ती बुजवायला आतल्या बाजूने लेप देतात. बहुतेकदा तो पॉलियुरेथेनचा असतो. व्यापारात त्याला पीयू म्हणतात. महागड्या हलक्या तंबूंना सिलिकॉनचा.

बाहेरच्या बाजूला आणखी एक नाजूक थर असतो. नव्या तंबूवर पाणी शिंपडलं की मोत्यासारखे थेंब गडगडत खाली जातात, ते या थरामुळे. अगदी अळवावरचं पाणी. वर्ष-दोन वर्षांत हा थर झिजतो आणि मग थेंब गडगडण्याऐवजी कापड ओलं दिसू लागतं. लोक घाबरतात, "तंबू गेला!" म्हणतात. आतला लेप शाबूत असेल तर पाणी आत येत नाही. कापड नुसतं जड होतं आणि वाळायला वेळ घेतं. बाजारात मिळणारा फवारा मारून तो बाहेरचा थर परत आणता येतो. मात्र आतला लेप सुटला असेल तर फवाऱ्याने काही साधत नाही.

टिकाऊपणाचं गणित इथून सुरू होतं. जाड लेपाने आकडा वाढतो, पण पीयूचा लेप धाग्यांना एकमेकांशी चिकटवून टाकतो. लेप नसलेल्या कापडाला फाटताना धागे सरकतात, एकत्र येतात आणि फाटणं अडवतात. चिकटलेले धागे एकेक करून तुटत जातात. त्यामुळे १०,००० मिमी छापलेलं पातळ कापड एखाद्या करवंदीच्या जाळीत अडकून टर्रकन फाटू शकतं. सिलिकॉनचं उलटं आहे, तो कापडाची फाटण्याविरुद्धची ताकद वाढवतो. पण किंमत बघून बहुतेकांचा विचार तिथेच संपतो.

धाग्याची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचं वजन जितके ग्रॅम तितके डेनियर. छताला ६८ किंवा ७५ आणि तळाला १५० डेनियर असलेलं पॉलिस्टर रांगड्या वापराला बरं. कापडावर बारीक चौकटी दिसत असतील तर ती दर काही धाग्यांमागे जाड धागा घालून केलेली रिपस्टॉप वीण. फाटलं तर फाट त्या चौकटीपाशी अडते. पिशवीवर १९०टी असं काही लिहिलेलं असतं, ते म्हणजे एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे. त्यावर फार डोकं खपवू नका.

नायलॉन की पॉलिस्टर? वजनाच्या मानाने नायलॉन जास्त मजबूत, पण पाणी पितं आणि ओलं झालं की ताणलं जाऊन लोंबतं. संध्याकाळी तबल्यासारखा ताणलेला तंबू मध्यरात्री ढिला पडतो. पॉलिस्टर तसं लोंबत नाही आणि उन्हालाही जास्त टिकतं. आपल्या पावसाला आणि आपल्या उन्हाला मी पॉलिस्टरच सुचवतो. पाठीवर घेऊन चार-पाच दिवस भटकणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

सुईने केलेला घोटाळा

लेप कितीही चांगला असो, शिवताना सुईने त्याला हजारो भोकं पाडलेली असतात. म्हणून चांगल्या तंबूच्या प्रत्येक शिवणीवर आतून गरम करून चिकटवलेली पारदर्शक पट्टी असते. दुकानात तंबू उघडता येत असेल तर छताची शिवण बोटाने चाचपा. पट्टी लागली पाहिजे, गुळगुळीत, सलग. जिथे दोन-तीन शिवणी मिळतात त्या कोपऱ्यांत आणि दोरीचे बंद शिवलेत तिथे जास्त बघा. पट्टी नसेल तर ५,००० मिमीचा आकडा शोभेचा. सिलिकॉनच्या कापडावर ही पट्टी चिकटत नाही, त्याला शिवणीवर सिलिकॉनचाच चीक लावावा लागतो आणि बऱ्याचदा तो आपल्यालाच लावावा लागतो.

टोपी नको, पडवी हवी

झटक्यात उघडणारे, हजार-दोन हजारांत मिळणारे तंबू बघा. वरचं पाणरोधक कापड टोपीसारखं फक्त माथ्यावर असतं. पाऊस सरळ पडतो असं गृहीत धरून केलेला हा प्रकार. आपल्याकडे झड लागली की पाऊस आडवा येतो, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. पावसाळ्याआधी पडवीला झापं बांधतात ती त्यासाठीच. तंबूचं वरचं आवरण चारही बाजूंनी जमिनीपासून चार बोटांवर येईल इतकं खाली आलं पाहिजे. आणि दारासमोर ते पुढे येऊन छोटीशी पडवी झाली पाहिजे, जिथे चिखलाचे बूट आणि भिजलेली सॅक राहील. पडवी नसली तर दाराची चेन उघडताक्षणी पाऊस अंथरुणावर.

पाऊस नाही, तरी तंबू ओला

माझ्या पहिल्या तंबूबद्दल मी विक्रेत्याशी कडाक्याचं भांडलो होतो. जुलैची एक रात्र आत काढली आणि सकाळी चादरीचं टोक पिळून पाणी निघालं. तंबू गळतो, पैसे परत द्या, असा माझा हेका. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, डिसेंबरात एकदा लावून बघा. तरी गळला तर घेऊन या."

डिसेंबरात एका धरणाच्या काठी लावला. आकाश स्वच्छ, चांदणं, थंडी. पहाटे कपाळावर टपकन थेंब पडला. टॉर्च लावला तर सगळं छत आतून दवाने भरलेलं. पाऊस दोन महिन्यांपूर्वीच संपलेला. तंबू परत घेऊन गेलो नाही, हे सांगायला नको.

गरम पोळ्या डब्यात घालून घट्ट झाकण लावलं की थोड्या वेळाने झाकणाला आतून पाणी सुटतं. तंबूत पोळी म्हणजे आपण. झोपलेल्या एका माणसाच्या श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडतं. चौघे झोपले तर लिटरभर. त्यात ओले मोजे आणि ओलं जर्किन आत वाळत टाकलेलं. ही वाफ थंड कापडाला लागली की थेंब होतात. निरभ्र रात्री कापड आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतं, उघड्यावर उभ्या गाडीच्या टपावर दव पडतं तसं.

एकाच थराच्या तंबूत हे पाणी थेट अंगावर. दोन थरांच्या तंबूत आतला थर जाळीचा किंवा साध्या, लेप नसलेल्या कापडाचा असतो. वाफ त्यातून पार होते, बाहेरच्या थरावर थेंब होतात आणि तिथूनच ओघळून खाली जातात. मात्र दोन थरांमध्ये चार बोटं तरी अंतर हवं. आतून पाय किंवा सॅक रेटली जाऊन थर चिकटले की खेळ संपला.

शेतकऱ्याचं इरलं आठवा. बांबूच्या कामट्या आणि पानांचं, पाठीवर घेतलेलं, खालून आणि पुढून उघडं. भातलावणी करणारी बाई त्यात दिवसभर वाकून काम करते आणि घामाने चिंब होत नाही. आपण प्लॅस्टिकचा रेनकोट घालून गड चढलो तर बाहेरून कोरडे, आतून ओले. तंबू निवडायचा तो इरल्याच्या वळणाचा. वर आणि खाली दोन्हीकडे हवेला वाट, म्हणजे गरम दमट हवा वरच्या झरोक्यातून जाईल आणि खालून ताजी येईल. पाऊस येईल या भीतीने झरोके बंद करून झोपणं ही सगळ्यात मोठी चूक. मी तेच केलं होतं.

खरं सांगायचं तर जुलैत सह्याद्रीची हवाच पाण्याने भरलेली असते, तेव्हा चांगल्यातला चांगला तंबूही आतून थोडा ओलसर होणारच. एक जुना पंचा हाताशी ठेवा आणि पहाटे छत पुसून घ्या. आणि कितीही पाऊस असला तरी तंबूच्या आत चूल किंवा गॅस पेटवू नका. वाफ वाढते हा भाग वेगळा, बंद जागेत कार्बन मोनॉक्साइडने झोपेतच जीव जातो.

"त्यापेक्षा वरून ताडपत्री टाकली तर?"

उत्तम. फक्त तंबूवर अंथरू नका, दोन झाडांना दोरी बांधून हातभर वर ताणा. अंथरली की हवा कोंडते आणि पोळ्यांच्या डब्याला दुसरं झाकण लागतं. वर ताणलेली ताडपत्री तंबूला उन्हापासूनही वाचवते. दोन हजारांचा तंबू आणि पाचशेची ताडपत्री ही जोडी पाच हजारांच्या एकट्या तंबूला भारी पडलेली मी पाहिली आहे.

"वारीत राहुट्या असतातच की, त्यांना कुठे लेप आणि पट्ट्या?" हाही प्रश्न हटकून येतो. जाड सुती कापडाची राहुटी वेगळ्या रीतीने काम करते. सुताचा धागा भिजला की फुगतो आणि विणीतली भोकं स्वतःच बंद होतात. हवा खेळत राहते म्हणून आत कोंदट होत नाही. आतून ओल्या कापडाला बोट किंवा पाठ लागली की तिथून पाणी झिरपू शकतं, हे मोठी माणसं सांगायची ते खरं आहे. पण राहुटी ट्रकमधून जाते आणि आपला तंबू पाठीवरून. ओली राहुटी उचलायला चार माणसं लागतात.

"चौघांचा तंबू चौघांना पुरेल ना?" पुरेल, खांद्याला खांदा लावून, सॅक बाहेर ठेवून. पावसात सॅक आत येणार आणि चौथ्या माणसाचे पाय भिंतीला टेकणार. दोघांसाठी तिघांचा, तिघांसाठी चौघांचा घ्या.

कातळावर खुंटी जात नाही

खर्च वाचवून पैसे कुठे घालावेत असं म्हटलं होतं, ते काठ्यांत. स्वस्त तंबूंच्या काठ्या फायबरग्लासच्या असतात. वाऱ्यात त्या उभ्या चिरतात आणि चिरलेली काठी आपल्याच तंबूचं कापड भोसकते. अॅल्युमिनियमच्या काठ्या हलक्या, वाकल्या तरी बहुधा निभावून नेतात. मिळत असेल तर सोबत काठीवर सरकवायची एक छोटी नळी ठेवा, मोडलेल्या जागी ती चढवून चिकटपट्टी गुंडाळली की रात्र निघते.

दुसरं, स्वतःच्या काठ्यांवर उभा राहणारा घुमटाकार तंबू घ्या. काही तंबू फक्त खुंट्यांच्या ताणावर उभे राहतात. मऊ मातीत ते झकास, पण सह्याद्रीच्या काळ्या कातळावर किंवा कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर खुंटी ठोकायची कुठे? तिथे दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात, म्हणून लांब दोऱ्या सोबत हव्यात. आणि दोऱ्या बांधायच्याच. सैल कापड फडफडतं, आतल्या थराला चिकटतं आणि शिवणी उसवतात.

तळाखाली जादा प्लॅस्टिक अंथरायचं असेल तर ते तंबूच्या तळापेक्षा सगळीकडून चार बोटं लहान हवं. बाहेर डोकावलं की छतावरच्या पागोळ्या त्यावर पडतात आणि पाणी बरोबर तुमच्या पाठीखाली जमा होतं. जागा थोडी उंचवट्याची, ओढ्यापासून आणि धबधब्यापासून लांब. रात्री कोरडा दिसणारा ओढा वर डोंगरात पाऊस झाला की काही मिनिटांत फुगतो. एकट्या उंच झाडाखाली आणि उघड्या धारेवर वीज पडते, तिथेही नको. हरिश्चंद्रगडासारखी ठिकाणं अभयारण्यात येतात आणि अनेक गड संरक्षित स्मारकं आहेत, तेव्हा मुक्कामाला परवानगी आहे का हे निघण्याआधी विचारून घ्या.

गच्चीवरची तालीम

नवा तंबू थेट डोंगरावर नेऊ नका. गच्चीवर किंवा अंगणात लावा, दोऱ्या विटांना बांधा आणि बागेच्या पाइपने वीस मिनिटं पाणी मारा, वरूनही आणि तिरकंही. आत कुणीतरी टॉर्च घेऊन बसावं. मुलं हे काम आनंदाने करतात. शिवणी, कोपरे, चेनीच्या कडा बघायच्या. मग आत ओल्या जमिनीवर गुडघे टेकून मिनिटभर बसायचं आणि तळाला हात लावून बघायचा. बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत हे उरका.

तंबू मरतो तो माळ्यावर

पावसात जितके तंबू खराब होतात त्याहून जास्त घरी येऊन खराब होतात. रविवारी रात्री दमून परतायचं, ओला तंबू पिशवीत कोंबलेला तसाच माळ्यावर टाकायचा आणि पुढच्या जूनमध्ये काढायचा. उघडला की आंबूस, ओकारीसारखा वास येतो आणि कापड हाताला चिकटतं. पीयूचा लेप ओलाव्यात हळूहळू विघटित होतो, त्याचा हा वास. एकदा चिकटायला लागला की तो लेप परत येत नाही.

म्हणून घरी आल्या आल्या तंबू दोरीवर. पावसाळ्यात पंख्याखाली, दोन दिवस लागले तरी. कडक उन्हात आठवडाभर ठेवू नका, ऊन धागा कुजवतं. कपड्यांचा साबण लावू नका, बाहेरचा थर निघून जातो. नुसत्या पाण्याने आणि मऊ कपड्याने चिखल पुसायचा. चेनीत अडकलेली रेती जुन्या टूथब्रशने काढायची. पूर्ण वाळला की घट्ट पिशवीत नाही, जुन्या उशीच्या अभ्र्यात सैल ठेवायचा आणि दिवाळीत साफसफाई काढाल तेव्हा एकदा उलगडून वारा द्यायचा. माझा तो भांडणाचा तंबू अजून असाच एका फुलाफुलांच्या अभ्र्यात आहे.